सोलापूर ते स्पिती: व्हॅन आठ महिने वापरल्यावर

आतच राहता-झोपता येईल अशी आमची कॅम्पर व्हॅन फेब्रुवारीत बांधून झाली तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं आधी नीट वापरू. पंढरपूर, गाणगापूर, कोकण असं जवळचं फिरणं झालं, सगळं मस्त चाललं. खरी परीक्षा झाली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात. ३६ दिवस, साडेपाच हजार किलोमीटर, मी, बायको आणि मेहुणा. मुख्य गोष्ट आधीच सांगतो, आम्ही गाडी बांधली सोलापूरच्या मे महिन्याच्या हिशोबाने आणि झोपायची वेळ आली उणे तापमानात, तिथं एकेक चूक उघडी पडत गेली.

जाताना सोपं आहे, आपल्या दारातनं जाणारा ५२ नंबरचा हायवेच धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत हिसारपर्यंत धरला, तो पुढं पंजाबात संगरूरला जातो. मैदानातलं जास्त सांगण्यासारखं नाही. शिमला सोडून रामपूर, रिकाँगपिओ झालं की हिरवं संपत जातं आणि नाकोच्या पुढं नुसते उघडे डोंगर. ताबोला पोहोचलो आणि बायको म्हणाली, अहो ही तर आपली माळवदाची घरं. खरंच, मातीच्या भिंती, सपाट मातीचं छत. पाऊसच नसला की घर असंच बांधतात, इथं काय आणि तिथं काय. तिथला मठ इसवी सन ९९६ चा, तोही मातीचाच, हजार वर्षं उभा आहे. भिंतीला हात लावला तर आजीच्या वाड्यातल्या पांढऱ्या मातीसारखाच थंड लागला, मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

आता गाडीचं. भिंतीत १९ एमएमचा नायट्राइल रबर फोम घातलाय, तो पैसे वसूल. सोलापूरच्या ४३ डिग्रीत फरक कळला होताच, थंडीतही कळला. पण आतलं प्लायवूड सरळ पत्र्याच्या पट्ट्यांवर स्क्रूने मारलंय. लोसरला, म्हणजे स्पितीतल्या उंचावरच्या एका गावात, पहाटे टॉर्च लावला तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पांढरा दंव जमलेला, ओळीने, कुणी रांगोळीचे ठिपके काढावेत तसा. बाहेरची थंडी त्या स्क्रूतनं आत येत होती आणि तिघांच्या श्वासाची वाफ त्यावर गोठत होती. गादी उचलली तर खालून ओली चिंब. दोन बोटं खिडकी उघडी ठेवून झोपायला लागल्यावर ओल कमी झाली, थंडी वाटते पण हवा खेळती पाहिजेच. गॅस पेटवून गाडी गरम करायचा विचारसुद्धा करू नका, बंद जागेत जीव जातो.

सगळ्यात मोठा घोळ बॅटरीचा. लिथियमची, २०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे वीज साठवायची क्षमता), सगळ्यात जास्त पैसे तिच्यावर घातलेले. ज्यांच्याकडं काम दिलं त्यांनी जागा वाचवायला डबा फ्लोअरच्या खाली, बाहेरच्या बाजूला लावला आणि मीही हो म्हटलं. लोसर चार हजार मीटरच्या वर आहे, सकाळी लख्ख ऊन, सोलर पॅनल तापलेलं आणि मीटरवर चार्जिंग शून्य! वायरी बघितल्या, फ्यूज बघितला, सगळं ठीक. मग कळलं की शून्याच्या खाली ही बॅटरी चार्ज केली तर आत सेलवर लिथियम धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा जातो, म्हणून आतलं सर्किटच चार्जिंग तोडतं. म्हणजे वीज घेता येते, पण भरता येत नाही. शेवटी मेहुण्याने आणि मी ती खोलून आत आणली, आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ होती त्यात गुंडाळून उन्हाच्या काचेजवळ ठेवली, अकराच्या सुमारास आकडा हलला. विकत घेताना हे कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून इथं एवढं सविस्तर लिहितोय.

वाकळींबद्दल तर लिहायलाच पाहिजे. हीटर बसवला नव्हता. दोन वाकळी गादीवर अंथरायला आणि वर रजई त्यावर सोलापुरी चादर, एवढ्यावर सगळ्या रात्री काढल्या. खालून थंडी येते ती नुसत्या फोमच्या गादीने थांबत नाही, वाकळीने थांबली.

स्वयंपाकाचं म्हणाल तर काझाला, स्पितीतल्या मुख्य गावात, पाणी साधारण ८७ डिग्रीलाच उकळतं, पातेल्यात तूरडाळ शिजतच नाही, कुकर लागतोच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी. लोसरच्या ढाब्यातल्या मावशींना भाकरी दिली, त्यांनी तुकडे करून सरळ थुक्प्यात (तिकडचं नूडल्सचं सूप) टाकले आणि वाटीभर आमच्यापुढं ठेवलं. इतकं छान लागतं, करून बघा.

कुंजुम पास ४,५५१ मीटर, तिथं हवा निम्म्याहून थोडीच जास्त, गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली, धूरही काळा, पण बंद पडली नाही. पुढं बटाल ते ग्राम्फू रस्ता म्हणजे नुसते दगड आणि नाले, सकाळी लवकर निघा, दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं. तिथल्या हादऱ्यांनी वरच्या कपाटांचे कडीकोयंडे सैल झाले, डबे डोक्यात पडले, आता सगळीकडं दाबायचे लॉक लावलेत.

परत आल्यावर बॅटरीचा डबा पलंगाखाली आतच घेतलाय. स्क्रू काढून पट्टी आणि प्लायच्या मध्ये रबर घालायचं काम या आठवड्यात चालू आहे, निम्मी डावी बाजू झाली.