रिबन हेडफोनला ट्यूब ॲम्प जोडून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात लिहिलं असतं तर शिव्या. आता दोन्हीचा भर ओसरलाय म्हणून लिहायला बसलो. मोठं होणारे, आधीच सांगतो.

ट्यूब ॲम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. माझा पुश-पुल आहे (दोन ट्यूब आळीपाळीने जोर लावतात), एका चॅनलला दोन ईएल३४ या पॉवर ट्यूब, पुढे १२एएक्स७ आणि १२एयू७ या छोट्या ट्यूब, फिक्स्ड बायस (ट्यूबमधून कायम वाहणारा करंट आपण लावून ठेवायचा), ३५ वॅट. मुळात स्पीकरचा ॲम्प, हेडफोनचं सॉकेट त्याला नाहीच. हेडफोन खरा रिबनचा. खरा म्हणतोय कारण प्लेनरलाही लोक सर्रास रिबन म्हणून टाकतात. प्लेनरमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर धातूची नक्षी असते, रिबनमध्ये ॲल्युमिनियमची ती पट्टी हीच वायर आणि तोच पडदा. त्यामुळे तिचा रेझिस्टन्स इतका कमी की नेहमीच्या हेडफोन ॲम्पला वाटावं कोणी शॉर्टच केलंय. माझ्याकडचा ०.२ ओहमच्या आसपास आहे.

आता याचा हिशोब बघा म्हणजे पुढची सगळी भानगड कळेल. ०.२ ओहममध्ये १ वॅट द्यायचा तर करंट जातो सव्वादोन अँपिअर आणि व्होल्टेज लागतं अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. ट्यूबचं बरोबर उलटं, तिथे शेकडो व्होल्ट आणि करंट मिलिअँपिअरमध्ये. दोघांचे स्वभाव असे, तर मध्यस्थाशिवाय जुळणार कसं. ॲम्पमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ८ किंवा ४ ओहमपर्यंत आणून सोडतो, तिथून पुढे ०.२ पर्यंत न्यायला इंटरफेस बॉक्स लागतो.

हा बॉक्स दोन प्रकारचा मिळतो. एकात नुसता जाडजूड रेझिस्टर सीरिजमध्ये असतो, म्हणजे ॲम्पला ६-८ ओहम दिसतात आणि तो खूश. पण ६ ओहममध्ये रिबन फक्त ०.२, म्हणजे जेमतेम ३ टक्के पॉवर कानापर्यंत येते आणि बाकीची बॉक्स तापवण्यात जाते. अशा हेडफोनला १०० वॅटचा ॲम्प लागतो असं जे ऐकायला मिळतं ते यामुळे. दुसऱ्या प्रकारात ट्रान्सफॉर्मर असतो. ८ ओहमवरून ०.२ म्हणजे चाळीस पट, वेढ्यांच्या प्रमाणात साधारण ६.३ ला १. यात पॉवर वाया जात नाही त्यामुळे ३५ वॅट भरपूर होतात, खरं तर १० वॅटमध्येही माझं भागलं असतं. मी सुरुवातीला रेझिस्टरवाला घेतला होता, दोन आठवडे व्हॉल्यूमचा कान पिळत बसलो, मग मुकाट्याने दुसरा घेतला.

आणि तो आल्याच्या पहिल्याच रात्री मी गाढवपणा केला. गाणं चालू असताना हेडफोनचा प्लग उपसला, दार वाजलं म्हणून. परत आलो तर ॲम्पमधून बारीक आवाजात गाणं ऐकू येतंय, हेडफोन तर टेबलावर पडलेला! ट्रान्सफॉर्मर स्वतःच गात होता. ऐकायला गंमत वाटते पण ट्यूब ॲम्प लोडशिवाय, म्हणजे पुढे काहीच न जोडता, चालवणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जिवाशी खेळ, व्होल्टेज इतकं चढू शकतं की आतलं इन्सुलेशन फुटतं. सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवाल्यांना शॉर्टची भीती असते, आपल्याला उघड्या टोकांची. नशिबाने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ॲम्पच्या दोन्ही आउटपुटला १०० ओहम १० वॅटचा एकेक रेझिस्टर समांतर लावला. ८ ओहमसमोर १०० म्हणजे आवाजात काडीचा फरक नाही, पण प्लग निघाला तरी ॲम्प अगदीच वाऱ्यावर राहत नाही. पूर्ण संरक्षण नाही हे, पण लावाच.

मग आली घरघर. इनपुट शॉर्ट करून बघितलं, तरी तशीच. ट्यूब बदलल्या, वायरी बदलल्या, अर्थिंगचे सगळे प्रयोग करून झाले, एका संध्याकाळी वैतागून बॉक्स हातात उचलला तर घरघर बदलली. बॉक्स मी ॲम्पला खेटून ठेवला होता, नेमका पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, आणि एका ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सरळ दुसऱ्यात घुसत होतं. हातभर लांब ठेवला, नव्वद अंशात फिरवला, संपलं. तीन आठवडे घालवले होते मी यात.

थोडी उरली होती ती टॅप, म्हणजे ॲम्पचं ८ किंवा ४ ओहमचं आउटपुट टोक, बदलल्यावर गेली. बॉक्स ८ ओहमचा म्हणून मी ८ च्या टॅपवर लावला होता, नंतर ४ वर लावून पाहिला. पॉवर थोडी कमी मिळते पण ती इथे कोणाला हवीये, आणि ॲम्पची स्वतःची खरखर-घरघर ३ डीबीने खाली येते. शांत जागी पियानोचा सूर विरत जातो ना, तो आता शेवटपर्यंत ऐकू येतो. तेव्हापासून ४ वरच आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र एका नटाने. तिसऱ्या महिन्यात डावी बाजू हळू वाटायला लागली, गाणारा माणूस मधून उजवीकडे सरकला. साहजिकच ट्यूबवर संशय घेतला, डाव्या-उजव्या अदलाबदल केल्या, तरी डावीच हळू. बायस तपासला, ठीक. मग लक्षात आलं की रिबनच्या बाजूला ०.२ ओहम आहे, तिथे एखाद्या जोडावर नुसता ०.०५ वाढला तरी पाचवा हिस्सा पॉवर तिथेच खर्ची पडते, आणि आवाज दीड-दोन डीबी खाली येतो. हे साध्या मल्टिमीटरने ओहमवर मोजता येत नाही कारण मीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स तेवढा असतो! त्यामुळे सलग एक टोन लावून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एसी मिलिव्होल्ट मोजत गेलो. डाव्या टर्मिनलवर उजव्याच्या कितीतरी पट व्होल्टेज पडत होतं. नट सैल, आणि खाली काळपट थर. पुसला, आवळला, गायक जागेवर.

म्हणून सांगतो, ॲम्प ते बॉक्स ही केबल कुठलीही बरी चालेल, ८ ओहममध्ये ०.०५ कोण विचारतो, पण बॉक्सच्या पुढचे जोड दर दोन-तीन महिन्यांनी बघा.

बायसचं थोडक्यात: माझ्याकडे प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर ४०० मिलिव्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटवर ४३० व्होल्ट, गुणाकार १७ वॅट, ईएल३४ ची मर्यादा २५, म्हणजे आरामात. नव्या ट्यूब पहिल्या महिन्यात भटकतात, माझी एक ४४० मिलिव्होल्टपर्यंत गेली होती. अर्धा तास तापल्यावरच मोजा, एक हात खिशात ठेवा, आणि ॲम्प बंद केला म्हणून आत हात घालू नका, कपॅसिटर चार्ज धरून बसलेले असतात.

ट्यूब रोलिंग, म्हणजे आवाजासाठी वेगवेगळ्या ट्यूब लावून बघणं, याबद्दल माझं मत काहींना रुचणार नाही. १२एएक्स७ च्या चार जोड्या झाल्या, फरक आहे पण बोटभर, आणि त्यातली एक जोडी तर पेन्सिलने टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची, ती परत केली. मला वाटतं कारण असं की नेहमीच्या हेडफोनचा इंपिडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो, म्हणून ॲम्पच्या आउटपुट इंपिडन्सप्रमाणे बेस फुगतो वगैरे, आणि त्यालाच आपण ट्यूबचा गोडवा म्हणतो. रिबनचा इंपिडन्स जवळपास सरळ रेषा, तिथे ही जादू चालत नाही. उरतं ते सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची ट्यूबने घातलेली भर) आणि ट्रान्सफॉर्मरचं दोन्ही टोकांचं वागणं. नट आवळल्याने जेवढा फरक पडला तेवढा मला एकाही ट्यूबने दिला नाही.

आवाज? झांजेवर काठी पडल्यावर धातू थरथरतो तो वेगळा ऐकू येतो, तंबोऱ्याची जवारी अशी उलगडते की तारा मोजाव्यात. बेस मात्र उघड्या बॅफलमुळे (पट्टीच्या मागे बंद डबा नाही) खाली जाता जाता विरतो, तो ईक्यूने (इक्वलायझरने) ५ डीबी वर घेतलाय आणि तेवढाच डिजिटल व्हॉल्यूम आधी कमी केलाय, नाहीतर क्लिप होतं, म्हणजे आवाजाची टोकं कापली जातात. रेकॉर्ड प्लेअर लावणाऱ्यांनी रंबल फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) विसरू नये, वाकड्या रेकॉर्डवर ५-१० हर्ट्झला पट्टी नुसती फडफडते, कानाला काही कळत नाही आणि ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतो तो वेगळाच. आणि धूळ दिसली म्हणून पट्टीवर फुंकर, अजिबात नाही.

सॉलिड स्टेटवर हे चाललं नसतं का? चाललं असतं की. उकाड्याच्या दिवसांत तर हा ॲम्प मी तासाभरात बंद करतो, खोलीत बसवत नाही. पण थंडीत रात्री दिवा घालवून चालू केला की उठायचं मन होत नाही. सध्या बायसची ४०५, ३९८, ४०२, ४१० मिलिव्होल्ट अशी रीडिंग आहेत. त्या ४१० वर लक्ष आहे माझं.