आखातात जाणाऱ्यांचा 275 रुपयांचा विमा: काय देतो, कुठे हात आखडतो

पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असलेला माणूस सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती, मलेशिया अशा 18 देशांपैकी कुठेही नोकरीला निघाला, की त्याला प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढावीच लागते. त्याशिवाय एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी, होत नाही. रत्नागिरी-खेडच्या घराघरांतून आखातात माणसं गेलेली आहेत, तरी ही पॉलिसी वाचलेली माणसं फार थोडी भेटतात. एजंट फाइलमध्ये कागद लावून देतो आणि तो बॅगेच्या तळाशी पडून राहतो. एवढ्या पैशांत दुसरं कुणी असं संरक्षण देत नाही, म्हणून ती वाचायलाच हवी.

हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375, आणि वर लागू असेल तो कर. वयाची अट 18 ते 65. करार दोन वर्षांचा असला तरी तीन वर्षांची पॉलिसी घ्या. करार बहुधा वाढतो, आणि फरक फक्त 100 रुपयांचा आहे.

या पैशांत अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये मिळतात. कामावर अपघात झाला आणि मृत्यू नंतर, पण 12 महिन्यांच्या आत झाला, तरीही रक्कम देय असते. ही गोष्ट घरच्यांना माहीत नसते, आणि माणूस जखमी होऊन गावी परतल्यावर वारला तर दावाच केला जात नाही. अपघाती मृत्यूत पार्थिव आणण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्या एका माणसाचं विमानभाडंही यात येतं. नोकरीवरून मालकाशी कोर्टात जावं लागलं तर 45 हजारांपर्यंत खर्च मिळतो. पॉलिसी माणसाची असते, मालकाची नव्हे, त्यामुळे मालक बदलला तरी ती चालू राहते.

परतीच्या तिकिटाचं कलम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. विमानतळावर मालक घ्यायलाच आला नाही, करारात लिहिलेलं काम न देता भलतंच काम दिलं, किंवा कामगाराची चूक नसताना मुदतीआधी काढून टाकलं, तर इकॉनॉमी वर्गाचं एकेरी भाडं परत मिळतं. अट एकच, पण कडक: ते कारण तिथल्या भारतीय दूतावासाने लिहून दिलं पाहिजे आणि खरं तिकीट जोडलं पाहिजे. लोक इथेच फसतात. भांडण झालं की रूममेटकडून उसने पैसे घेऊन तिकीट काढतात, घरी येतात आणि मग विचारतात, पैसे कसे मिळतील? तोवर दूतावासाच्या दाखल्याची वेळ निघून गेलेली असते. आधी दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा, करार आणि मालकाचं पत्र किंवा मेसेज दाखवा, दाखला घ्या, मगच तिकीट काढा. बोर्डिंग पासही जपून ठेवा.

आता उणिवा. उपचारासाठी एकूण 1 लाख, त्यातही एका वेळच्या ॲडमिशनला 50 हजारांपर्यंतच. 1 लाख म्हणजे साधारण 4 हजार दिरहम. दुबईच्या खासगी हॉस्पिटलात एका शस्त्रक्रियेलाही ते पुरत नाहीत. म्हणून मालकाचा आरोग्य विमा झाला आहे का, त्याचं कार्ड हातात आलं आहे का, हे पहिल्या पगाराआधी विचारून घ्यायचं. ही पॉलिसी त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी उणीव मोठी आहे. 10 लाख फक्त अपघातासाठी आहेत. उन्हातान्हात राबणारा माणूस रात्री खोलीत झोपेत हृदयविकाराने गेला, तर घरच्यांना या पॉलिसीतून ती रक्कम मिळत नाही. निघण्याआधी गावच्या बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा काढून ठेवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. वर्षाला 436 रुपये, भरपाई 2 लाख, मृत्यूचं कारण कोणतंही चालतं; मात्र नोंदणीनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला तर पैसे नाहीत. नोंदणी वयाच्या 50 वर्षांपर्यंत होते. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण तुटतं, म्हणून तेवढी रक्कम खात्यात राहू द्या. ज्याला परवडतं त्याने याच्या जोडीला चांगला टर्म इन्शुरन्सही घ्यावा.

तिसरी गोष्ट व्हिजिट व्हिसाची. ‘तिथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणत एजंट पर्यटक म्हणून पाठवतो, तेव्हा एमिग्रेशन क्लिअरन्स नसतो आणि त्याबरोबर येणारी ही पॉलिसीही नसते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, पगार अडवला, तर हातात दाखवायला करारच नसतो. परवानाधारक एजंटाला कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा परवाना चालू आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात.

पॉलिसी हातात आली की चार ठिकाणी बोट ठेवून तपासा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांक, सुरू होण्याची तारीख, आणि वारसाचं नाव. वारसाच्या जागी ‘वाइफ’ एवढंच लिहिलेलं असेल तर पूर्ण नाव घालून घ्या. मोबाइल नंबर अनेकदा एजंटाचाच टाकलेला असतो, तो बदला, नाहीतर नूतनीकरणाचा मेसेज तुमच्यापर्यंत येणारच नाही. नूतनीकरण परदेशातूनही ऑनलाइन होतं.

एक प्रत घरी ठेवा, बायकोच्या किंवा आईच्या हाताला येईल अशी, करार आणि व्हिसाच्या झेरॉक्ससोबत. भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक 1800 11 3090, अमिरातीतून 800 46342. दोन्ही क्रमांक त्या प्रतीवर पेनाने लिहून ठेवा.