मिक्सर ४ स्टार, खोकं आणि पुस्तिका १ स्टार

साताऱ्याला आण्णांसाठी (माझे वडील, वय ६८) मिक्सर घेतला त्याला आठ महिने झाले, म्हणून आता लिहितेय. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. ७५० वॅट, तीन भांडी, ४३०० ला पडला. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाहीचे.

आधी मशीनचं सांगते. मोटर दणकट आहे. कांदा-खोबऱ्याचं वाटण अगदी गंधासारखं होतं, इडलीचं पीठ मोठ्या भांड्यात दोन खेपेत निघतं. शेंगदाण्याचं कूट मात्र छोट्या भांड्यात सलग फिरवलंत की तेल सुटून गोळा झालाच समजा, एकेक झटका देत थांबत थांबत करायचं. ठेचा यात करू नका, ठेचा खलबत्त्यातलाच. आवाज भरपूर आहे, पण ७५० वॅटचा मिक्सर म्हटल्यावर तो असणारच.

आता खोकं. खोक्यावर हिरव्या साडीतली बाई, एक हात मिक्सरवर असा ठेवलाय जसा पोराच्या डोक्यावर ठेवतात, आणि मागे डायनिंग टेबलावर नवरा आणि दोन मुलं ताटं पुढे घेऊन हसत बसलीयेत. आण्णांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, ही पण आली का सोबत, मग मला कशाला शिकायला लावतीयेस.

डेमोला पोरगा आला, बिचारा चांगला होता, पण आल्या आल्या, "काका, काकू नाहीत का? काकूंना दाखवलं असतं." आण्णा म्हणाले, "काकू गेल्या. मला दाखव." तो एवढा ओशाळला की पाच मिनिटांत सगळं उरकून, फॉर्म भरून पळाला. एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, भरल्या गाडीत एका हाताने तिकीट फाडून दुसऱ्या हाताने सुट्टे मोजणारा, त्याला भांड्याची खाच कशी बसवायची ते काही पोराने दाखवलं नाही.

पुस्तिकेत रेसिपी आहेत बारा, आणि त्यात काय लिहिलंय, तर "नेहमीप्रमाणे वाटण करून घ्या". अहो नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? "आवश्यकतेनुसार पाणी", ते किती? कंपनीने धरूनच चाललंय की वाचणारी बाई आहे आणि ती हे सगळं आईकडून शिकून आलीये, म्हणजे फोटोतली बाई नुसती खोक्यावर नाहीये, ती पुस्तिकेच्या आत पण बसलीये. जे जे सांगायला हवं होतं ते तिला येतं म्हणून गाळून टाकलंय!

तिसऱ्या आठवड्यात आण्णांनी वड्यांसाठी भिजवलेली हरभऱ्याची डाळ भांड्यात गच्च भरली, पाणी थेंबभर नाही, मिक्सर जो बंद पडला तो पडलाच. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, सर घरात लेडीज कोणी असतील तर त्यांच्याकडे फोन द्याल का. आण्णांनी फोन ठेवला आणि मला ठाण्याला ऑफिसात व्हिडिओ कॉल केला. मी मिक्सर उलटा करायला लावला, खाली लाल बटण असतं ओव्हरलोडचं, ते दाबलं की झालं. दोन सेकंदांचं काम, पण ते पान ११ वर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

लहानपणी टीव्हीवर 'जो बीवी से करे प्यार' वाली कुकरची जाहिरात लागायची, कुकर बायकोला, पैसे नवऱ्याचे आणि प्रेमाचा पुरावा म्हणजे शिट्टी. त्यातल्या त्यात सर्फची ललिताजी बरी, कविता चौधरींनी केलेली, स्वस्त आणि चांगलं यातला फरक समोरच्याला ठणकावून तरी सांगायची. धुणं तिच्याकडेच होतं तो भाग वेगळा. मग २०१५ पासून एरियलचं 'शेअर द लोड' आलं, त्यातली २०१६ ची बापाची जाहिरात, लेक ऑफिसातून येऊन फोन, चहा, पोरगं, स्वयंपाक सगळं एकटी ओढतेय आणि बाप बघत बघत मनात माफी मागतोय, ती बघून मी रडले होते, खोटं कशाला बोलू. पण आता परत बघितली तर वाटलं, बापाने घरी जाऊन मशीनमध्ये स्वतःचे कपडे टाकले त्याचा केवढा तो सोहळा. आण्णा रोज टाकतात, मागे कोणी पियानो वाजवत नाही. आणि २०२२ च्या डिसेंबरात विमने पुरुषांसाठी म्हणून काळी बाटली काढली, जाहिरातीत मिलिंद सोमण, आत लिक्विड तेच. गंमत होती म्हणाले. कळली गंमत. पण स्वयंपाकघरातला पुरुष एकतर हिरो नाहीतर वेंधळा, मुकाट्याने डाळ भिजत घालणारा साधा माणूस कोणी दाखवतच नाही. (मराठी सिरियलमध्ये तर ओट्यापाशी बायकाच, त्या पण भरजरी साडीत, आणि मिक्सर कधीच चालू नसतो, कारण डायलॉग ऐकू येणार नाहीत.)

ॲस्की म्हणून जाहिरातवाल्यांचीच संस्था आहे १९८५ पासूनची, त्यांनी जून २०२२ मध्ये नियम काढले, त्यात चक्क लिहिलंय की पुरुष पाय पसरून बसलाय, घरचे पसारा घालतायत आणि आवरायचं एकट्या बाईनेच, असं दाखवू नका. वाचून बरं वाटलं. मग खोक्याकडे बघितलं, नवरा पाय पसरून नाही, खुर्चीत नीट बसलाय. नियमात बसतं!

कोणीतरी म्हणेलच की स्वयंपाक बायकाच करतात म्हणून बाई छापतात. खरंय, २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८. पण २८९ वालीला तरी यांनी कुठे नीट सांगितलंय? ऑफिसातल्या चार जणींना विचारलं मिक्सरचं लाल बटण कुठे असतं, एकीला माहीत होतं. बाकीच्या तिघींनी बंद पडला की नवऱ्याला दुकानात पाठवलं होतं.

आता आण्णांनी मार्करने मिक्सरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'अर्धं भांडं', 'खाली लाल बटण'. पुस्तिका खिडकीत सरकवलीये, वाऱ्याने आपटते म्हणून. डेमोवाल्या पोराने फॉर्ममध्ये मिसेस लिहिलं होतं वाटतं, कारण कंपनीचे मेसेज 'डिअर मॅडम' म्हणूनच येतात. आठ मार्चला मॅडमसाठी १५ टक्के सूट आली, आण्णांनी त्यात चटणीचं जादा भांडं मागवून घेतलं. त्याचं झाकण मात्र सैल आहे, फिरवताना वरून दाबून धरावं लागतं.