मॅनेजमेंट ट्रॅफिक: व्हीलॅन, व्हीआरएफ की स्वतंत्र नेटवर्क?

दूरवरच्या स्विचवर अपलिंकचा ट्रंक (वरच्या स्विचकडे जाणारा, अनेक व्हीलॅन वाहणारा दुवा) बदलताना एक ओळ चुकते आणि एसएसएचची, म्हणजे दूरवरून लॉगिन करण्याची, खिडकी तिथेच गोठते. ज्या वाटेने आत शिरलात तीच वाट आतून बंद झाली. आता कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी जाण्यावाचून गत्यंतर नाही. मॅनेजमेंट ट्रॅफिक, म्हणजे उपकरणं सांभाळण्यासाठीची ये-जा, कोणत्या वाटेने न्यायची याच्या तीन पर्यायांतून निवड करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा.

पहिला पर्याय इन-बँड: डेटाच्याच ट्रंकवरून जाणारा वेगळा मॅनेजमेंट व्हीलॅन (त्याच तारांवरचं आभासी, वेगळं नेटवर्क), त्यावर स्विचचा आयपी आणि कोण आत येऊ शकेल हे ठरवणारी एसीएल. जादा केबल नाही, जादा पोर्ट नाही. एकाच इमारतीतले ॲक्सेस स्विच (ज्यांना लोकांची यंत्रं जोडलेली असतात ते) असतील आणि माणूस पाच मिनिटांत पोहोचत असेल, तर मला यात काही गैर वाटत नाही. स्विचवर मुळातच असलेला व्हीलॅन १ मात्र त्यासाठी वापरू नका. खरी उणीव लूप, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहतील अशी जोडणी, झाल्यावर कळते. ब्रॉडकास्टच्या पुरात ट्रंक भरतो, सीपीयू गुदमरतो आणि नेमकं तेव्हाच लॉगिन होत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे स्विचवरचा खास मॅनेजमेंट पोर्ट आणि त्याचा वेगळा व्हीआरएफ, म्हणजे एकाच उपकरणातलं स्वतंत्र राउटिंग टेबल. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर ‘मॅनेजमेंट’ नावाचा व्हीआरएफ आधीपासूनच असतो, त्यांच्याच अनेक कॅटॅलिस्टवर ‘एमजीएमटी-व्हीआरएफ’ असतो, जुनिपरवर तो मुद्दाम सुरू करावा लागतो. व्हीआरएफ नसेल तर राउटिंग टेबल एकच राहतं. विनंती मॅनेजमेंट पोर्टातून येते, उत्तर डिफॉल्ट रूटने डेटाच्या पोर्टातून निघतं आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. व्हीआरएफमध्ये दोन डिफॉल्ट रूट एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

इथे लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. एनटीपी (वेळ जुळवणं), सिसलॉग (लॉग पाठवणं), टॅकॅक्स (लॉगिनची तपासणी), एसएनएमपी ट्रॅप (बिघाडाच्या सूचना), फाइल कॉपी यांना कोणता व्हीआरएफ वापरायचा हे बहुतेक वेळा एकेकाला सांगावं लागतं. साधा पिंगसुद्धा डिफॉल्ट टेबलातच शोधतो. लॉगिन चालू राहतं म्हणून बदल यशस्वी वाटतो, आणि लॉग कधीच थांबलेत हे पुढच्या बिघाडात कळतं. म्हणून बदलानंतर प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे तपासा.

आणि व्हीआरएफ टेबल वेगळं करतो, तार नाही. मॅनेजमेंट पोर्टाची केबल पुन्हा त्याच डेटा स्विचमध्ये खोचली असेल, तर कोअर, म्हणजे नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, पडल्यावर डेटा आणि मॅनेजमेंट दोन्ही एकदम जातात. सीपीयूही तोच असतो, त्यामुळे कंट्रोल प्लेनचं, म्हणजे त्या सीपीयूकडे येणाऱ्या ट्रॅफिकवर मर्यादा घालणारं, संरक्षण लागतंच.

तिसरा पर्याय पूर्ण आउट-ऑफ-बँड, म्हणजे डेटाच्या वाटेबाहेरचा: मॅनेजमेंटसाठी वेगळे स्विच, वेगळा फायरवॉल, बाहेर जायला वेगळी लाइन किंवा फोर-जी मोडेम, शिवाय दूरवरून कन्सोल पोर्टांपर्यंत पोहोचवणारा कन्सोल सर्व्हर. खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात. पण ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं कोअर कोसळलं, तेव्हा मॅनेजमेंट नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून होतं. अभियंत्यांना स्वतःच्याच राउटरपर्यंत पोहोचता येईना, आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. मात्र ते नुसतं असून भागत नाही: ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक बंद पडलं तेव्हा त्यांच्याकडे आउट-ऑफ-बँड नेटवर्क होतं, तरी तेही चाललं नाही आणि माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

माझं मत: कोअर, डेटा सेंटर आणि जिथे पोहोचायला तासभर लागतो अशी प्रत्येक जागा तिसऱ्या पर्यायावर न्या. सगळीकडे ते परवडत नसेल तर व्हीआरएफ घ्या, पण मॅनेजमेंट पोर्टांच्या केबल एका वेगळ्या, साध्या स्विचमध्ये जाऊ द्या. एवढ्यानेही मोठा फरक पडतो. उरलेल्या ॲक्सेस स्विचना व्हीलॅन पुरेसा आहे.

निवड काहीही असो, ठरवलेल्या वेळी डेटाचे अपलिंक खरोखर बंद करून बाहेरून आत शिरून पाहा. टॅकॅक्स सर्व्हर डेटा नेटवर्कवरच असेल, तर त्या दिवशी लॉगिनसाठी स्विचवर एक स्थानिक खातं लागेल. त्याचा पासवर्ड त्याच नेटवर्कवरच्या सर्व्हरमध्ये ठेवलेला नसावा.