आईचा काचबिंदू: स्टेंट की मोठं ऑपरेशन?
आईचा काचबिंदू ओपन अँगल प्रकारचा, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट उघडी, पण तिथली जाळी तुंबल्याने डोळ्यातला दाब वाढतो. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

स्टेंट म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटरची टायटॅनियमची नळी (अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळालेली). मोतीबिंदू काढतानाच, त्याच छेदातून, पाणी तुंबवणाऱ्या जाळीत बसवतात. डोळा लवकर सावरतो, पण दाब बेताचाच उतरतो; थेंब सुटतीलच असं नाही.

मोठं ऑपरेशन म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी: डोळ्याच्या पांढऱ्या भागातून पाण्याला नवी वाट करून देतात. त्याने दाब चांगला खाली येतो. मात्र वरच्या पापणीखाली पाण्याचा फुगा राहतो. टाके, फेऱ्या आणि जंतुसंसर्गाची धास्ती कायमची. गेलेली नजर दोन्हींत परत येत नाही.

आईचा आजार सुरुवातीचा, मोतीबिंदू पिकलेला. फ्रिजच्या दारात थेंबांच्या तीन बाटल्या. एक ती हमखास विसरते. आम्ही स्टेंटच ठरवला.