“मित्राची गाडी आहे म्हणून सांगा”

पुण्यात चार दिवसांसाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. आमचे 10,000 रुपये गेले. पण त्या चार दिवसांत आम्ही किती मोठ्या धोक्यात फिरत होतो, हे नंतर कळलं तेव्हा पोटात गोळा आला.

भाचीचा साखरपुडा कोथरूडला, वनाजजवळ होता. सोलापूरहून मी, बायको आणि मावशी असे तिघं निघालो. मावशीचे गुडघे दुखतात, तिला दगडूशेठचं दर्शन घ्यायचं होतं आणि थेऊरच्या चिंतामणीलाही जायचं होतं. प्रत्येक वेळी रिक्षा शोधत तिला उन्हात उभं करायला नको, म्हणून मी फोनवरून एक गाडी ठरवली. दिवसाला 2,200 रुपये भाडं, 10,000 अनामत. माणूस बोलायला फार गोड. “दादा, घरचीच गाडी समजा. परतीची ट्रेन किती वाजता?” असं त्याने पहिल्याच फोनवर विचारलं. मला वाटलं, किती काळजी करतो.

सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने उतरलो तर हा पुणे स्टेशनबाहेर नो-पार्किंगमध्ये गाडी घेऊन उभा. “पटकन बसा, हवालदार येईल.” चारही बाजूंचे फोटो त्यानेच त्याच्या फोनवर काढले, माझं मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं आणि जाता जाता म्हणाला, “कुणी अडवलं तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा.”

मी तिथेच चावी परत द्यायला हवी होती. मावशी मागच्या सीटवर बसली होती, सामान डिकीत गेलं होतं. मी गप्प बसलो.

नंबरप्लेट पांढरी होती. ग्राहकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. ड्रायव्हरसह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही, आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. म्हणजे थेऊरच्या वाटेवर, सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकच्या गर्दीत आमच्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर विमा कंपनी हात वर करू शकली असती आणि भरपाईचा बोजा आमच्या डोक्यावर येऊ शकला असता. तो गोड माणूस मात्र म्हणाला असता, मी तर मित्राला गाडी दिली होती.

रविवारी संध्याकाळी सहाची हुतात्मा होती. पाच वाजता गाडी परत घेतो म्हणालेला माणूस सव्वापाचला आला. सरळ पुढच्या बंपरपाशी वाकला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि खालच्या कडेचा वीतभर ओरखडा दाखवला. उभ्या माणसाला तो दिसतच नाही. त्याच्या चार फोटोंत बंपरची खालची कड कुठेच नव्हती. बंपर रंगवायचे 6,500 आणि गाडी गॅरेजमध्ये राहील त्या चार दिवसांचं भाडं 8,800, असा 15,300 चा हिशोब त्याने तोंडपाठ सांगितला. अनामत वजा करून वरचे 5,300 लगेच द्या, नाहीतर आधार मिळणार नाही. मी आवाज चढवला तर म्हणाला, “चला पोलीस चौकीत, पण तुमची ट्रेन जाईल.” ट्रेनची वेळ त्याने का विचारून ठेवली होती ते तेव्हा उमगलं. मावशी रडकुंडीला आली होती. मी अनामत सोडली, वरचे पैसे दिले नाहीत, कार्ड जवळजवळ हिसकावून घेतलं.

चार दिवसांत गाडी 140 किलोमीटर चालली, त्यातले साठ-पासष्ट एकट्या थेऊरचे. बाकी वेळ ती सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी होती. पेठांमध्ये एकेरी रस्ते आणि सम-विषम तारखेचं पार्किंग यांत मी इतका अडकलो, की दगडूशेठला शेवटी बायको आणि मावशी रिक्षानेच गेल्या. पुणे स्टेशनहून वनाजला थेट मेट्रो आहे, लिफ्टसुद्धा आहे. दगडूशेठसाठी मंडईला उतरायचं तर सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून स्वारगेटच्या बाजूची धरायची. थेऊरपुरती एक दिवस ड्रायव्हरसह टॅक्सी केली असती तर आमचं सगळं झालं असतं. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि रोज शहराबाहेर फेऱ्या असतील तर गाडी घ्या, पण काळ्या पाटीचीच घ्या. ताबा घेताना, अगदी बंपरच्या खालूनही, स्वतःच्या फोनवर व्हिडिओ काढा आणि लगेच समोरच्याला पाठवा. हवालदार येईल म्हणाला तर गाडी पुढे कुठेतरी मोकळ्या जागी घ्यायला लावा. मूळ आधार कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. गाडीवाल्याचं अजून काही उत्तर नाही, माझा नंबरही त्याने ब्लॉक केलाय. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. गेल्या आठवड्यात पुतण्याने गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे त्याच गाडीचे फोटो मागितले. त्याने त्याच दिवशी काढून पाठवले. एक फोटो खाली बसून काढलेला आहे. त्यात पांढरी पाटी दिसते, आणि तो वीतभर ओरखडाही तसाच आहे. तो फोटो अर्जाला जोडला आहे.