दीडशे रुपयांचा ऑटोमॅटिक नाइट लॅम्प: उघडून पाहिल्यावर

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तीन घेतले. एक आईंच्या खाटेजवळ, एक मोरीच्या दाराशी, एक देव्हाऱ्याखालच्या प्लगमध्ये. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी. रात्री दोनदा उठतात आणि अंधारात बटण चाचपणं त्यांना आता जमत नाही. त्या कामाला दिवा एक नंबर: अंधार पडला की आपोआप लागतो, डोळ्यांवर येत नाही, पाय कुठे पडतोय ते दिसतं. एवढ्यासाठी चार स्टार देईन.

पण यंदाच्या पावसाळ्यात तिन्ही आजारी पडले. मोरीतला मिणमिणायला लागला, देव्हाऱ्याखालचा दिवसाढवळ्या जळू लागला आणि आईंचा ठार मेला. दुकानदार म्हणाला, "ताई, दीडशेच्या वस्तूला कसली गॅरंटी?" हे म्हणाले, टाकून दे. मी अकरा वर्षं सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात-कारखान्यांच्या वसाहतीत, सोल्डरिंगच्या लाइनवर काढली आहेत. न उघडता काही टाकणं माझ्याच्यानं होत नाही.

स्क्रू एकही नाही, कव्हर चिकटवलेलं. सांध्यावर जुन्या सुरीची पाठ ठेवून हळूहळू ठोकत उघडलं. सर्किट डायग्राम अर्थातच कुठे नाही. बोर्डाच्या मागून टॉर्च धरला की तांब्याच्या रेषा आरपार दिसतात. त्या बघत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने चित्र काढलं. सहा एलईडी सोडले तर इनमीन बारा पार्ट. ट्रान्सफॉर्मर नाही, सगळा बोर्ड थेट 230 व्होल्टवर, म्हणून प्लगमध्ये असताना बोट लावायचं नाही. काढल्यावरही आधी मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून बघायचं.

हा कपॅसिटरच दिव्याला करंट मोजून देतो. त्याच्यावर 474 लिहिलंय, म्हणजे 47 पुढे चार शून्यं पिकोफॅरड, 0.47 मायक्रोफॅरड. आपल्या 50 हर्ट्झवर त्यातून साधारण 34 मिलिअँपिअर जातात. मोरीतल्या दिव्याचा मोजला तर 0.16. लाइनला झटका बसला की आतल्या पातळ पत्र्याचा कण जळतो, कपॅसिटर स्वतःच सावरतो, पण दर वेळी थोडा झिजतो. तो झिजला की उजेड गेला.

नवा कपॅसिटर आणायला ग्रँट रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, स्लो लोकलने गेले. लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, तसं कोणी म्हणत नाही. काउंटरवरच्या पोऱ्याने 400 व्होल्टचा पुढे केला. 230 व्होल्टची लाट 325 पर्यंत चढते, म्हणून म्हटलं, 630 चा दे. "मावशी, फिट बसणार नाही." बसला, जरा वाकडा करून. दहा रुपये.

देव्हाऱ्याखालच्याला तर काहीच झालं नव्हतं. उदबत्तीचा धूर बसून एलडीआरसमोरची, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरसमोरची, खिडकी तपकिरी झालेली. बिचाऱ्याला कायम रात्रच वाटत होती. स्पिरिटचा बोळा फिरवला, संपलं.

आईंच्या दिव्याने दोन संध्याकाळी खाल्ल्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, ट्रान्झिस्टर गेलेला. दोन्ही बदलले असते तर आठवड्यात पुन्हा तेच. खरा गुन्हेगार झेनर डायोड, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मर्यादेपुढे चढू न देणारा पार्ट, आणि तोही स्वतः धड होता. त्याच्या पायाचं सोल्डर सुटलेलं, भिंग लावल्यावर भोवती बारीक कडं दिसलं; म्हणून व्होल्टेज चढलं आणि बाकीचे दोन गेले. आमच्या लाइनवर ड्राय सोल्डर सापडला की सुपरवायझर बोर्ड परत पाठवायची.

सोल्डर का सुटलं? इथेच कंपनीवर राग येतो. खोक्यावर छापलंय: ऑटोमॅटिक, वीज वाचवा. दिवसा एलईडी बंद होतात खरे, पण कपॅसिटर करंट द्यायचा थांबत नाही. तो सगळा करंट झेनर गिळतो आणि तापतो. 24 व्होल्टचा झेनर, सुमारे 30 मिलिअँपिअर, म्हणजे पाऊण वॉटच्या आसपास. दिवा जळताना लागते त्याहून थोडी जास्तच! भर दुपारी हात लावून बघा, बंद दिवा कोमट लागतो. बिलात वर्षाला पाच-सहा युनिटचा मामला, त्याने कोणी भिकेला लागत नाही; पण बचतीची थाप मारून वर झेनर बोर्डाला चिकटवून बसवायचा, हे काही बरं नाही. मी नवा झेनर पाय लांब ठेवून, बोर्डापासून उचलून बसवला.

पहिल्यांदा लावताना सिरीजच्या बोर्डावर, 60 वॉटचा बल्ब मध्ये घालून लावला. बल्ब पेटला असता तर कुठेतरी शॉर्ट. नाही पेटला. मात्र दिवेलागणीला दिवा डोळे मिचकावू लागला, कारण माझ्या हातून एलडीआर एलईडीकडे कलला होता आणि स्वतःचाच उजेड बघून विझत होता. काळ्या स्लीव्हचा तुकडा चढवला, थांबला.

वस्तूला दोन स्टार, उजेडाला चार. आईंना विचारलं, दिवा आता बरा आहे ना? म्हणाल्या, "बंद कधी होता?" तीन रात्री यांचा मोबाइलचा टॉर्च स्टुलावर जळत होता, तो त्यांनी दिवाच समजला होता.